आरव्ही-७ च्या नोंदी: शेपूट आणि रिबिटं

२० एप्रिल २०२४

आरव्ही-७ म्हणजे किट आणून घरी बांधायचं विमान, गराजमध्ये मी तेच बांधतोय. आत्तापर्यंतच्या नोंदी म्हणजे पत्रे मोजले, भोकांची बर (कडेचे धारदार काटे) काढली, प्रायमर मारला, बास. आजपासून ठोकाठोक. एफएएला (अमेरिकेच्या विमान खात्याला) शेवटी दाखवावं लागतं की अर्ध्याहून जास्त काम स्वतःच्या हाताने केलंय, म्हणून हे फोटो आणि तारखा, नाहीतर मी शाळेत पण डायरी लिहिली नाहीये कधी.

भंगार पत्र्याच्या पट्ट्यांवर साठेक रिबिटं मारली. दोन प्रकार लागतात, गोल डोक्याचं एएन४७० आणि सपाट डोक्याचं एएन४२६, जे पत्र्यात बसून पृष्ठभागाशी एकजीव होतं. पुढच्या नंबरात पहिला आकडा जाडीचा, इंचाचे बत्तिसावे भाग, आणि डॅशनंतरचा लांबीचा, सोळावे भाग. म्हणजे ४-७ म्हणजे एक अष्टमांश इंच जाड, सात सोळांश लांब. एवढं कळलं की डब्यांवरची लेबलं वाचता येतात. डब्यांचं पुढे काय झालं ते येईलच.

हिशोब सोपा आहे. ठोकायच्या आधी दांडा पत्र्याबाहेर स्वतःच्या जाडीच्या दीडपट यायला हवा, आणि ठोकल्यावर मागचं डोकं दीडपट रुंद आणि अर्धपट उंच. एक अष्टमांशच्या रिबिटाला साधारण ४.८ मिमी रुंद, १.६ मिमी उंच. गेज लावून बघितलं तर साठातली चाळीस बरी. म्हटलं जमतंय. (हे वाक्य जपून ठेवतोय.)

४ मे

हॉरिझॉन्टल स्टॅबिलायझरचा (शेपटाच्या आडव्या पंखाचा) मागचा स्पार, म्हणजे आतला कणा. यात स्क्वीझर पोचतो तिथे स्क्वीझर, कारण तो दाबतो, ठोकत नाही, आणि दाबलेलं रिबीट चुकायला खास टॅलेंट लागतं. पण मधे जिथे तोंड पोचत नाही तिथे गन (हवेवर चालणारा हातोडा) आणि डॉली (मागून धरायचा लोखंडी ठोकळा). इथे सगळे बकिंग बार म्हणतात, पण आमच्याकडे त्याला डॉलीच म्हणतात, मी पण डॉलीच लिहिणार.

अकरा रिबिटं गनने मारली, सहांच्या बाजूला स्मायली. म्हणजे गनच्या पुढचा, रिबिटाच्या डोक्यावर टेकणारा स्नॅप जरासा तिरका झाला की त्याची कड पत्र्यात चंद्रकोरीसारखी रुतते. डोक्याशेजारी छान हसरं तोंड उमटतं. सहा हसणारी तोंडं एका ओळीत, सगळी मलाच हसतायत असं वाटत होतं.

५ मे

रात्रभर डोक्यात तेच. सकाळी उठून प्रेशर तपासलं. रेग्युलेटर कंप्रेसरवर आहे आणि मी ट्रिगर न दाबता काटा ४० वर लावला होता. ट्रिगर दाबला की पन्नास फूट नळीतून येईपर्यंत हवा पडते, गन मरगळते, म्हणून काल मी वैतागून काटा ६० ला नेला, आणि मग पहिल्या दोन ठोक्यांना गन अशी उसळायची की स्नॅप डोक्यावरून घसरणारच. हाताचा दोष अर्धाच होता. छोटा रेग्युलेटर गनच्या बुडाशी लावला, ट्रिगर दाबून धरला आणि हवा वाहती असताना काटा ३८ वर आणला. आता पहिला ठोका पण शहाण्यासारखा पडतो.

कमी करून पण चालत नाही हां. प्रेशर फार कमी ठेवलं की वीस-वीस ठोके लागतात, प्रत्येक ठोक्याला धातू कडक होत जातो आणि शेवटी डोक्याला कडेने चिरा पडतात. मोजके आणि जोरदार ठोके, दोन-तीन सेकंदात विषय संपला पाहिजे.

स्मायल्यांपैकी चार नखाला लागत नाहीत इतक्या उथळ, त्या पॉलिश करून सोडल्या. दोन खोल आहेत, ते नंतर बघू.

११ मे

डब्यांचं प्रकरण. पोरीने मागच्या आठवड्यात रॅकवरून दोन डबे पाडले आणि बिचारीने गुपचूप सगळं उचलून भरून ठेवलं, अगदी अर्धं-अर्धं. फक्त ४-७ आणि ४-८ एकत्र. आज स्पारच्या मधल्या जाड भागात मारत गेलो, एक सरळ, एक लवंडलेलं, परत एक सरळ, दोन लवंडलेली. मागचं डोकं केळ्यासारखं एका बाजूला वाकलेलं. मला वाटलं डॉली तिरकी धरतोय, म्हणून अजून जपून, अजून हळू, आणि अजून वाईट. सात झाल्यावर एक न मारलेलं रिबीट उचलून भोकात घातलं आणि मागून कॅलिपर लावला तर दांडा पाव इंच बाहेर, म्हणजे जाडीच्या दुप्पट. एवढा लांब दांडा उभा चेपत नाही, उसासारखा आडवा होतो.

पोरीला ओरडलो नाही. ती नऊ वर्षांची आहे आणि लेबल न वाचता मूठ भरून घेणारा मी आहे. तिला गेज दिला आणि एका रिबिटाला एक सेंट दराने निवडायला बसवलं. सव्वातीन डॉलर झाले.

२५ मे

आजचा दिवस या वहीतला सगळ्यात लाजिरवाणा, सविस्तर लिहितोय.

लवंडलेली सात काढायची होती. पद्धत अशी की फॅक्टरीच्या डोक्याच्या मधोमध एक बारीक खळगा असतो, (तो खळगा म्हणजेच हे २११७ मिश्रधातूचं, एडी जातीचं रिबीट असल्याची खूण), त्यात ड्रिलचं टोक टेकवायचं, डोक्याच्या जाडीइतकंच खोल जायचं, मग भोकात पंच घालून हलकेच तिरका दाबला की डोकं टोपीसारखं निघतं. मग मागे आधार देऊन दांडा ठोकून बाहेर. चार अशीच निघाली, मस्त. पाचव्याला ड्रिल मधून सरकला आणि मला कळेपर्यंत डोकं पार करून स्पारच्या भोकाच्या भिंतीत घुसला होता. रिबीट निघालं तेव्हा मागे भोक राहिलं इंग्रजी आठच्या आकाराचं.

मग मी जे करायला नको ते केलं, म्हणजे चिडलेला असताना सहाव्याला हात घातला. तेही आठ.

सिगारेट सोडून सहा वर्षं झाली, आज आठवण आली.

संध्याकाळी चॅप्टरमधले, म्हणजे ईएए या घरी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेच्या इथल्या शाखेतले, आजोबा येऊन गेले, ईएएचे टेक्निकल काउन्सिलर (काम बघून सल्ला देणारे) आहेत, आयुष्य एअरलाइनच्या हँगरमध्ये पत्रा कामात गेलंय. चष्मा कपाळावर, टॉर्च दातात. भोकं बघितली, पट्टी लावली. म्हणाले दोन्ही भोकं पुढच्या मापाला, पाच बत्तिसांश इंचाला वाढव, नवीन मापाने कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंत निदान दोन व्यास अंतर उरायला हवं, म्हणजे ८ मिमी, तुझ्याकडे साडेनऊ आहे, नशीबवान आहेस. मग उरलेल्या सातव्याकडे बघून विचारलं हे का काढणार आहेस? म्हटलं वाकलंय ना. त्यांनी गेज लावला. थोडं वाकलंय पण उंची बरोबर, रुंदी बरोबर, डोकं भोकाच्या सगळ्या बाजूंनी बाहेर आहे, चीर नाही. ठेव म्हणाले. दिसायला वाईट रिबिटापेक्षा दोनदा ड्रिल मारलेलं भोक जास्त वाईट. आणि जाताना त्या पहिल्या दोन खोल स्मायल्या बघून म्हणाले, या मात्र गुळगुळीत घासून काढ, ओरखड्याच्या टोकाशी चीर सुरू होते.

म्हणजे ज्या सातांसाठी मी दिवस घालवला त्यातली निदान तीन-चार तशीच ठेवता आली असती. गेज खिशातच होता.

१५ जून

आबा आले. सहा महिन्यांच्या व्हिसावर, दोन बॅगा, त्यातल्या एकीत भाकरीचं पीठ आणि मेतकूट आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लोखंडी ठोकळा. एअरपोर्टवर त्याचं काय काय झालं ते आबा अजून सांगतायत. तो ठोकळा म्हणजे त्यांची डॉली. आबा दापोडीला एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी सेक्शनला होते, चॅसिस यायची उघडी आणि जायची तांबडी गाडी होऊन, अंगावरचा सगळा अॅल्युमिनियमचा पत्रा रिबिटांवर. तीस वर्षं तेच काम, त्यामुळे ऐकू जवळजवळ येत नाही. मशीन कानाला लावतात पण गराजमध्ये काढून ठेवतात.

स्टॅबिलायझर हातात घेऊन फिरवला. अंगठा फिरवला रिबिटांवरून. "एवढी बारीक? हे उडणार?"

म्हटलं आबा, दहा हजारांच्या वर लागतात अशी.

"मग एवढी गडबड कशाला करतोयस."

२२ जून

वरच्या-खालच्या पत्र्यांची भोकं डिंपल करायची आहेत. पातळ पत्र्यात सपाट डोकं बसवायला धातू कापून खोलगट (काउंटरसिंक) करता येत नाही, दाबून वाटी करावी लागते. किटचा नियम आहे की ०.०३२ इंचापेक्षा पातळ असेल तर काउंटरसिंक करायचंच नाही, कारण कापत कापत कटर पत्रा पार करून गेला की भोकाची कड सुरीसारखी होते आणि तिथूनच चिरा फुटतात. १९८८ च्या एप्रिलमध्ये हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छप्पर उडालं, हिलोहून होनोलुलूला जाताना, तेव्हा जोडाच्या रिबिटांच्या ओळीत हेच सापडलं होतं, पातळ पत्रा, सपाट डोकं, सुरीसारखी कड. पत्र्यांमधला गोंद सुटला आणि सगळा भार त्या कडांवर आला, आणि ते विमान जवळजवळ नव्वद हजार वेळा उडालेलं. माझं विमान तेवढं उडणार नाही, पण तो फोटो डोळ्यासमोरून जात नाही.

तर आजचा गोंधळ: स्पारच्या जाड पट्टीला काउंटरसिंक करताना कटरची खोली ठरवणाऱ्या पिंजऱ्याची लॉक रिंग सैल राहिली आणि दर भोकाला खोली थोडी थोडी वाढत गेली. आबांनी पकडलं. दर भोकात एक रिबीट उलटं ठेवून डोक्यावरून नख फिरवत होते, बाराव्या भोकाला थांबले, परत पहिल्याला गेले, परत बाराव्याला आले. बोलले काहीच नाहीत, हातातला पिंजरा काढून घेतला. बारावं, तेरावं आणि चौदावं जास्त खोल. पट्टी जाड आहे म्हणून वाचलो.

१३ जुलै

स्टॅबिलायझरचे पत्रे बसवले. बाहेरून मी गन घेऊन, आतून आबा डॉली घेऊन, खांद्यापर्यंत हात आत घालून. आणि अडचण ही की मी कानाला मफ लावलेले आणि आबांना तसंही ऐकू येत नाही. पहिल्या दहा मिनिटांत मी "तयार?" ओरडतोय, ते आतून काहीतरी म्हणतायत, आणि एकदा डॉली नसतानाच मी ट्रिगर दाबला. पत्र्यावर एक खड्डा, नाण्याएवढा.

मग ती जुनी टकटकीची पद्धत काढली, विमानांच्या कारखान्यात वापरायचे ती. डॉली धरणाऱ्याने डॉलीने पत्र्यावर टकटक करायची. एक म्हणजे अजून मार, दोन म्हणजे झालं चांगलं, तीन म्हणजे बिघडलं, काढ. त्यात आमची भर म्हणजे सुरू करण्याआधी मी बाहेरून बोटाने एक टिचकी मारायची. आबा कानाने नाही, तळहाताने ऐकतात. पत्र्यावर हात पसरून ठेवलेला असतो.

विचारलं, दापोडीला काय करायचा तुम्ही? म्हणाले, "तिथे मार आणि बास. दोनच शब्द."

दुपारी तीनपर्यंत एकशे तीस. त्यातली पाच तीन-टकटकीची. आणि एक गोष्ट समजली जी मी दोन महिने चुकीची करत होतो. माझी सपाट डोकी पत्र्याच्या किंचित वर राहायची, मी डिंपलला दोष देत होतो. आबा म्हणाले, "डॉली दाबू नको, धर नुसती. तू आतून ढकलतोस म्हणून डोकं वर उचललं जातं, मग गन त्याला बसवणार कसं." बाहेरचा जोर आतल्यापेक्षा जास्त हवा. एकट्याने दोन्ही हातांनी करताना माझा डॉलीवाला हात घाबरून जोर लावायचा.

पुढच्या टोकाच्या रिब्समध्ये (आतल्या फासळ्यांमध्ये) मात्र त्यांचा हात जात नाही. आणलेली डॉली पण मोठी पडते. टंगस्टनची छोटी मागवलीये, त्याच वजनात निम्म्या आकाराची. किंमत आबांना रुपयांत सांगितलेली नाही.

२७ जुलै

ऑशकॉशला, ईएएच्या दरवर्षीच्या विमानांच्या मेळ्याला, जाऊन आलो. सगळा भारत विचारतो तसं पुण्याहून काकांचा फोन, "अरे ते चारकोपला गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव, तसंच का तुझं?" नाही हो काका, त्यांनी सहा सीटचं स्वतःच्या डिझाइनने बांधलं, माझं किट आहे, पत्रे कापून भोकं पाडून येतात, तरी माझी ही अवस्था.

हजारो विमानं उभी होती, आणि आबांनी एकाचंही कॉकपिट बघितलं नाही. हात मागे बांधून ओळीने शेपट्या बघत हिंडत होते. एका आरशासारख्या पॉलिश केलेल्या, बक्षिसाचं कार्ड लावलेल्या विमानापाशी वाकले, मला खूण केली, आणि शेपटाच्या खाली बोट दाखवलं. स्मायली. छोटीशी, पण होती. मालक शेजारीच खुर्ची टाकून बसला होता, तो हसला आणि म्हणाला पन्नास आहेत, शोधा.

३ ऑगस्ट

रडर, म्हणजे शेपटाची उभी, वळवायची फळी. पातळ पत्रा, ०.०१६ इंच, जाड कागदाचा जरा थोरला भाऊ. आतल्या बाजूने स्टिफनर (पत्रा ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) लावायचे असतात ते बॅक-रिवेटिंगने. टेबलात गुळगुळीत पोलादी पट्टी बसवलेली, त्यावर पत्रा पालथा, रिबिटाची डोकी पट्टीवर आणि आपण मागून ठोकायचं. सगळ्यात सोपी पद्धत, सगळ्यात सुंदर रिबिटं, आबांची पण गरज नाही.

म्हणूनच घात झाला. पत्रा सरकवत सरकवत ओळीच्या शेवटच्या रिबिटापाशी आलो आणि त्याखाली पट्टी संपली होती, नुसतं लाकूड होतं. एक ठोका. रिबीट स्टिफनरसकट पत्र्यातून खाली दबलं, बाहेरून बघितलं तर चमच्याने उकरल्यासारखी वाटी. हे सगळ्यांना माहीत असलेलं आहे, मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरात आहे, चॅप्टरमधल्या तिघांनी तरी मला सांगितलं होतं.

आबा म्हणाले, "यष्टीला चाललं असतं. लांबी भरायची, तांबडा मारायचा." मग थोडं थांबून, "पण नको."

नवीन पत्रा मागवला. पत्र्यापेक्षा खोक्याचं आणि वाहतुकीचं बिल मोठं. जुन्याचे चौकोन कापले, पोरगी त्यावर रिबिटांनी नाव लिहिते.

पट्टीच्या दोन्ही टोकांना टेबलावर लाल पट्टा चिकटवलाय, तीन इंच रुंद.

२४ ऑगस्ट

नव्या पत्र्यावर स्टिफनर झाले. पण एका रिबिटाला ड्रिल मारावा लागला आणि परत भोक मोठं. इथे पुढच्या मापाचं साधं रिबीट चालत नाही कारण त्याचं डोकंही मोठं, डिंपलमध्ये मावणार नाही. त्यासाठी खास जात मिळते, एनएएस१०९७, इथले लोक प्रेमाने ऊप्स रिबीट म्हणतात. दांडा पुढच्या मापाचा, डोकं आधीच्या मापाच्या डिंपलमध्ये जवळपास बसणारं. नावावरूनच कळतं की एवढ्या लोकांनी एवढी भोकं बिघडवली की माणसांनी त्यासाठी रिबीटच काढलं. शंभरची पिशवी घेतली. आबांना अर्थ सांगितल्यावर म्हणाले, "अरेच्चा रिबीट." डब्यावर तेच लेबल लावलंय.

२८ सप्टेंबर

डावा एलिव्हेटर (शेपटाच्या आडव्या पंखामागची हलणारी फळी) बंद केला, उजवा अर्धा. फार लिहिण्यासारखं नाही, जे चांगलं जातं त्याच्या नोंदी दोन ओळींच्या होतात. तीनशे बारा रिबिटं, काढलेली चार, ऊप्स एक.

दुपारी आबांना कॅरिलॉन पार्कला नेलं, डेटनला राहून राइट बंधूंचं १९०५ चं विमान दाखवलं नव्हतं. बराच वेळ भोवतीने फिरले. लाकूड, कापड, तारा. "रिबीट नाही एक पण," म्हणाले. मग गाडीत बसल्यावर, "सुटले."

१२ ऑक्टोबर

आबांना सोडून आलो. डॉली इथेच ठेवून गेलेत, म्हणाले बॅगेत वजन होतं. उजव्या एलिव्हेटरची शेवटची ओळ राहिलीये, आतला कोपरा, एकट्याला जमणार नाही.

आज काम नाही. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं, कपभर निघालं, गंजाच्या रंगाचं. हे दर आठवड्याला करायचं असतं.

१९ ऑक्टोबर

बायको तयार झाली. अट अशी की नखं खराब झाली तर विमानाला तिच्या आईचं नाव. हातमोजे, मफ, चष्मा, आणि टंगस्टनची छोटी डॉली तिच्या हातात अगदी बसते, आबांच्या हातात हरवायची. कोपऱ्यात तिचा हात सहज गेला. टकटकीचा हिशोब सांगितला, एक, दोन, तीन.

भंगार पत्र्यावर दहा मारली, मग खऱ्यावर. मी टिचकी मारली, ट्रिगर दाबला, दोन सेकंद. आतून काहीच आवाज नाही. वाट बघितली. मग सावकाश, मोजून, तीन.

वाकून टॉर्च मारून बघितलं. डोकं थोडं एका बाजूला, पण गेजमध्ये बसतंय, चीर नाही. म्हटलं अगं हे चालेल, दोन टक करायचंस. ती म्हणाली, "दोनच सेकंद आधी तू मला तिरकं म्हणजे वाईट असं शिकवलंस." बरोबर आहे, तसंच शिकवलं होतं. मग खाली बसून तिला गेज कसा धरायचा ते दाखवलं, तिने स्वतः लावून बघितला, दोन्ही बाजूंनी, आणि परत आत हात घालून दोनदा टकटक केली.

तेरा राहिलीत. शेजाऱ्यांना नऊनंतर आवाज चालत नाही.